चांद सुलताना आणि नगरचे राजकुल

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या अंकात एका राजघराण्याचे प्रकरण कशासाठी, असा प्रश्न काही वाचक बंधुभगिनींच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर प्रथमच देणे बरे. गतवर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही नगरच्या पूर्वेकडील डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत पाहण्यास गेलो होतो. सारा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतो. एका मुलीने आम्हास विचारले की, फादर, ही राणी कोणाची कोण होती? प्रश्न लहान होता. परंतु त्याचे उत्तर देताना आम्हाला असे दिसून आले की, कोणाची कोण या एका गोष्टीवरूनच नगरचे राज्य बुडाले, आणि जी एकटी स्त्री ते सावरण्यास उभी राहिली तिचा प्राणही त्याच भानगडीत गेला. नागापूरच्या सीनेच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांना तो भुईकोट किल्ला काही परका नाही. सबब त्या राणीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आरंभी त्या मुलांना सांगितले तेच वाचकांनाही सांगतो. ती इमारत चांदबिबीचा महाल नव्हे. निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. लोकांनी राणीचे नाव तिला दिले, यावरून लोकांच्या मनात कोण राहिले आणि कोण विसरले गेले, हे मात्र उघड होते.

कुळ आणि किताब यांविषयीचे वाद केवळ आपल्याच देशात होतात असे नाही. इटलीचे राजघराणे साव्होया याचेच उदाहरण पाहावे. इ. स. १८६१ मध्ये या घराण्यातील दुसरा व्हित्तोरिओ एमानुएले हा एकवटलेल्या इटलीचा राजा झाला. तत्पूर्वी कित्येक शतके या घराण्यातील पुरुष आपल्या नावामागे सायप्रसचा राजा व जेरुसलेमचा राजा असे किताब लावीत असत. हे किताब त्यांच्याकडे १४८५ साली सायप्रसच्या पदच्युत राणीकडून आले. वास्तविक त्या पवित्र नगरीतील एक वीतभर जमीनही त्यांच्या ताब्यात नव्हती. पुढे जून १९४६ मध्ये इटलीच्या जनतेने मतदान करून राजपद रद्द केले. शेवटचा राजा दुसरा उंबेर्तो देश सोडून गेला, व १९४८ च्या राज्यघटनेने सरदारकीच्या सर्व किताबांची मान्यता काढून घेतली. राज्य गेले, तरी कुलप्रमुख कोण हा तंटा गेला नाही. राजपुत्राने पित्याच्या संमतीवाचून विवाह केला, सबब त्याचा हक्क गेला, असे म्हणून २००६ साली आओस्ता शाखेचे ड्यूक अमेदेओ यांनी आपणच कुलप्रमुख असल्याचे जाहीर केले. अमेदेओ २०२१ साली वारले, राजपुत्र व्हित्तोरिओ एमानुएले २०२४ साली वारले. सिंहासन नाही, मुकुट नाही, आणि तरी नावासाठी भांडण. मात्र त्यांच्या भांडणात रक्त सांडले नाही. नगरच्या भांडणात ते पुष्कळ सांडले.

नगरच्या राजकुलाचा मूळ पुरुष कोण, हे प्रथम पाहू. इतिहासकार फरिश्ता याने काही काळ याच दरबारात चाकरी केली होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे या कुळाचा मूळ पुरुष परभणी जिल्ह्यातील पाथरी गावाच्या कुळकर्णी ब्राह्मण घराण्यातला होता. त्याचे मूळचे नाव तिमाभट. विजयनगरच्या मुलखात तो बहामनी फौजेच्या हाती सापडला, गुलाम म्हणून राजवाड्यात वाढला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने थोर पदास चढला. त्याचा बाप भैरव, म्हणून त्यास बहिरी हे उपनाव पडले, असे सांगतात. बहिरी म्हणजे ससाणा असाही अर्थ काही लावतात. बहामनी सुलतानाने त्यास निजाम-उल-मुल्क हा किताब दिला. त्याचा पुत्र मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापिले आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ सीनेच्या काठी नवे शहर वसवून त्यास आपले नाव दिले. तेच अहमदनगर; आता २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. बापाचा चाकरीचा किताब पुत्राच्या घरी राजवंशाचे नाव झाला, आणि निजामशाही म्हणतात ती हीच. पोर्तुगीज लोक आपल्या बखरींतून या राजांना निजामालुको म्हणत. मलिक अहमदाच्या पुत्राने पुढे पाथरी जिंकून तेथील आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना ती दिली, असेही फरिश्ता नमूद करतो. म्हणजे कुळाची आठवण तीन पिढ्यांनंतरही बुजली नव्हती.

याच कुळात इ. स. १५५० च्या सुमारास चांदबिबीचा जन्म झाला. तिचा पिता हुसेन निजामशहा. नगरच्या किल्ल्याचा दगडी तट बांधला तो यानेच. तिची माता खुंजा हुमायून ही मोठी करारी स्त्री होती. पतीच्या पश्चात मुलगा मुर्तजा याच्या नावाने तिने काही वर्षे राज्यकारभार केला. परंतु मुलाने थोर झाल्यावर आईलाच कैदेत टाकले. राजघराण्यात रक्ताचे नाते किती आधाराचे असते, याचा हा पहिला पाठ चांदबिबीला माहेरीच मिळाला. अरबी व फारसी यांजबरोबर मराठी आणि कानडीही तिला अवगत होती, ती सतार वाजवी आणि फुलांची चित्रे काढी, असे सांगतात.

दक्षिणेतील मुसलमानी राज्ये विजयनगरविरुद्ध एक होत असताना त्या सख्याची गाठ दोन लग्नांनी बांधली गेली. चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, आणि अलीची बहीण नगरच्या राजपुत्रास केली. नगर व विजापूर यांच्यामध्ये पिढ्यानपिढ्या ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी रक्त सांडले, तो किल्ला चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून देण्यात आला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई होऊन विजयनगरचा पाडाव झाला. चौदा-पंधरा वर्षांची ती मुलगी अशा रीतीने राजकारणाच्या तराजूत घातली गेली. तरी सासरी तिने आपले स्थान स्वतःच्या गुणांनी मिळविले. पतीबरोबर ती घोड्यावरून स्वारीत व शिकारीत जात असे.

तिला मूल झाले नाही. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला, आणि त्याचा पुतण्या इब्राहिम, वयाने अवघा नऊ वर्षांचा, गादीवर बसला. त्याचे पालनपोषण व शिक्षण चांदबिबीकडे आले. कारभारी मात्र एकामागून एक हावरे निघाले. किश्वरखान नावाच्या कारभाऱ्याने तर तिला राजवाड्यातून काढून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेविले. शेवटी हबशी सरदार उठले, किश्वरखान पळाला आणि परमुलखात मारला गेला. राणी सन्मानाने परत आली. त्याच सुमारास नगर व गोवळकोंडा यांच्या फौजांनी विजापूरला वेढा दिला. या वेढ्यात तिने शहराच्या बचावाची काळजी स्वतः वाहिली, असे सांगतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा की, नगरचा राजा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. माहेरची फौज दाराशी आली असताना ती सासरच्या तटावर उभी राहिली. तिने रक्ताकडे पाहिले नाही. आपल्या ओटीत टाकलेल्या पोराकडे पाहिले.

पुढे १५८४ मध्ये इब्राहिमची बहीण नगरच्या राजपुत्रास, म्हणजे मुर्तजाचा पुत्र मिरान हुसेन यास दिली, तेव्हा नव्या वधूच्या सोबतीस चांदबिबी माहेरी परतली. माहेर आता पूर्वीचे राहिले नव्हते. १५८८ मध्ये मिरान हुसेनाने आपल्या बापाचा वध केला. पुढील वर्षी सरदारांनी त्याचाही वध केला. नंतर चांदबिबीचा दुसरा भाऊ बुऱ्हाण याचा अल्पवयी पुत्र इस्माईल यास गादीवर बसविले. बुऱ्हाण स्वतः अकबर बादशहाच्या आश्रयास होता. तो १५९१ मध्ये आला आणि आपल्याच मुलास बाजूस सारून राजा झाला. याच बुऱ्हाणाने कोकणात रेवदंड्यासमोर कोर्लईच्या टेकडीवर मोर्चेबंदी केली होती. ती १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी मोठ्या कत्तलीनिशी घेतली. १५९५ मध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा पुत्र इब्राहिम चार महिने गादीवर टिकला, आणि विजापूरकरांशी झालेल्या लढाईत पडला. सात वर्षांत पाच राजे! मागे उरला तो इब्राहिमाचा तान्हा मुलगा बहादूर.

येथून आमच्या कथेचा खरा भाग सुरू होतो. नियम पाहिला तर वारस हाच बालक. परंतु वजीर मियान मंजू याला तान्ह्या मुलापेक्षा आपल्या मुठीत राहील असा राजा पाहिजे होता. त्याने बहादुरास चावंडच्या डोंगरी किल्ल्यात डांबले आणि अहमद नावाच्या मुलास सिंहासनावर बसविले. या अहमदाचा बाप शहा ताहीर मागे मुर्तजाच्या कारकिर्दीत दरबारी आला होता, व आपण पहिल्या बुऱ्हाणशहाच्या पुत्राचे पुत्र आहोत असे त्याने सांगितले होते. त्या वेळी चौकशी झाली, परंतु त्याचे म्हणणे सिद्ध झाले नाही, आणि तो आमरण नजरकैदेत राहिला. आता त्याच संशयित बापाचा मुलगा छत्राखाली बसला! ही गोष्ट फुटताच हबशी सरदार बिथरले. त्यांचा पुढारी इखलासखान याने मोती नावाचा एक मुलगा पुढे केला. त्याच्या कुळाचा तर कोणालाच थांग नव्हता. अभंगखान हबशी याने विजापूरच्या सरहद्दीवरून शहा अली नावाचा सत्तर वर्षांचा वृद्ध आणला; तो पहिल्या बुऱ्हाणशहाचा प्रत्यक्ष पुत्र होता. आणि चौथा पक्ष चांदबिबीचा. तिने तान्ह्या बहादुराचा हक्क धरिला. एका सिंहासनास चार धनी झाले, आणि प्रत्येकाच्या मागे तलवार होती. तथापि चौघांच्या पाठीराख्यांत एकच व्यक्ती अशी होती की जिला स्वतःस काही मिळवावयाचे नव्हते.

मियान मंजूने घाबरून घातक पाऊल टाकिले. गुजरातेत असलेल्या अकबराचा पुत्र मुराद यास त्याने मदतीस बोलाविले. पाहुण्याला निमंत्रण पाहिजेच होते. डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम मोठ्या सैन्यानिशी नगरपुढे येऊन ठाकले. तोपर्यंत मंजूला पश्चात्ताप झाला होता. तो विजापूर व गोवळकोंड्याची मदत आणतो म्हणून आपल्या अहमदास घेऊन निघून गेला. किल्ल्यात मागे ठेवलेल्या त्याच्या माणसाचा चांदबिबीने काटा काढविला, बहादुरास राजा म्हणून जाहीर केले आणि संरक्षणाची सूत्रे आपल्या हाती घेतली. हा वधही आम्ही लपवीत नाही. ते दिवस तसे होते, आणि तीही त्याच दिवसांची होती.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतील एका शिराझी गृहस्थाने रात्री येऊन किल्ल्यातील लोकांस ही खबर दिली. त्यांनी आतून खणून दोन सुरुंगांतील दारू काढून टाकिली. तिसऱ्यापाशी काम चालले असता मोगलांनी बत्ती दिली. फेब्रुवारी १५९६ चा तो दिवस. तटाचा मोठा भाग माणसांसकट आकाशात उडाला आणि भले मोठे खिंडार पडले. सरदार जागा सोडून पळू लागले. तेव्हा चांदबिबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा घेऊन आणि हाती उपसलेली तलवार घेऊन त्या खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे लाजले व परत फिरले. संध्याकाळपर्यंत मोगलांनी हल्ल्यावर हल्ले केले. खंदक प्रेतांनी भरला, परंतु आत पाऊल पडले नाही. रात्र पडताच तिने विश्रांती घेतली नाही. मशालींच्या उजेडात दगड, माती आणि हाती लागेल ते घालून तिने पहाटेपर्यंत भिंत पुन्हा पुरुषभर उंच केली. गोळ्या सरल्या तेव्हा तिने तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी तोफांत भरून उडविली, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, तिच्याविषयी लोकांना काय वाटत होते हे तीवरून कळते.

या दिवसापासून बिबी हे पद मागे पडून लोक तिला चांद सुलताना म्हणू लागले, असे तवारीखकार लिहितात. आम्हास या गोष्टीचे मोठे अप्रूप वाटते. निजाम हा किताब मालकाने चाकरास दिला होता. जेरुसलेमचा राजा हा किताब कागदावर हस्तांतरित झाला होता. पण सुलताना हा किताब तिला कोण्या बादशहाने दिला नाही, बापाकडून आला नाही, पतीकडूनही आला नाही. पडक्या भिंतीच्या खिंडारात तिच्याबरोबर उभ्या राहिलेल्या साध्या माणसांनी तो दिला.

विजापूरचे साहाय्य जवळ येत होते, मोगलांना दाणावैरण मिळेनाशी झाली होती, आणि मुराद व खानखानान यांचे आपसात पटत नव्हते. शेवटी तह झाला. वऱ्हाड प्रांत मोगलांना द्यावा आणि त्यांनी परत जावे, असे ठरले. १५७४ मध्ये निजामशाहीने जिंकलेला हा प्रांत सोडणे तिच्या जिवावर आले होते. पण राजधानी आणि मूल वाचले. बहादुरास चावंडहून आणून गादीवर बसविले. मियान मंजू परत येऊन पुन्हा अहमदाचा हक्क सांगू लागला, तेव्हा विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने, म्हणजे राणीने वाढविलेल्या त्याच मुलाने, दोघांस आपल्या दरबारी बोलावून घेतले. मंजूस सरदारकी आणि अहमदास आमरण जहागीर देऊन तो वाद मिटविला. पूर्वी केलेल्या संगोपनाचे फळ राणीला अशा रीतीने मिळाले.

परंतु घरातली कीड गेली नव्हती. तिने पेशवा नेमलेला मुहम्मदखान सर्व सत्ता बळकावू लागला व अडचणीत सापडताच त्याने मोगलांकडे संधान बांधले. किल्ल्यातील शिबंदीनेच त्यास धरून राणीच्या स्वाधीन केले. त्याच्या जागी अभंगखान आला. तोही राणीस कैद करण्याचे मनसुबे रचू लागला, तेव्हा तिने किल्ल्याचे दरवाजे त्यास बंद केले. १५९७ मध्ये गोदावरीच्या काठी सोनपेठेजवळ दक्षिणी फौजांचा मोगलांनी पराभव केला. १५९९ मध्ये मुराद वारला. त्याच्या जागी त्याचा भाऊ दानियाल आला, आणि अकबर बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरास येऊन राहिला. त्या स्वारीत बादशहाबरोबर येशूसंघाचे दोन पुरुष होते: संत फ्रान्सिस झेविअर यांच्या कुळातील फादर जेरोम झेविअर आणि ब्रदर बेंतो दे गोइश. आपल्या धर्मग्रामाच्या वाचकांना ही नावे ठाऊक असावीत म्हणून येथे नमूद केली.

१६०० साली नगरला पुन्हा वेढा पडला. अभंगखान घाट सोडून जुन्नरकडे पळाला. बाहेरून मदतीची आशा उरली नाही. तेव्हा राणीने किल्ल्यातील हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याशी मसलत केली. तिचे म्हणणे असे होते की, किल्ला द्यावा, परंतु बालराजास सुखरूप जुन्नरला नेऊ द्यावे अशी अट घालावी. राजा जिवंत राहिला तर राज्य पुन्हा उभे करता येईल. हमीदखान हे ऐकून रस्त्यात धावत गेला आणि राणी मोगलांना फितूर झाली असे ओरडत सुटला. चार वर्षांपूर्वी ज्या लोकांनी तिला सुलताना म्हटले, त्यांचाच जमाव तिच्या महालात घुसला आणि त्याने तिला ठार मारिले. तिचे वय तेव्हा पन्नासच्या आसपास होते.

ती खरोखर फितूर होती काय? आमचे मत स्पष्ट आहे. जो स्वतःच्या लाभासाठी शत्रूशी बोलतो तो फितूर. जो दुसऱ्याच्या मुलाचा जीव वाचावा म्हणून आपली अब्रू पणास लावून बोलतो त्यास ते नाव शोभत नाही. पुढे जे झाले त्यानेच तिच्या मसलतीचा न्याय केला. ऑगस्ट महिन्यात मोगलांनी सुरुंग लावून तट उडविला, किल्ला घेतला, आणि बालक बहादुरास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कायमचे बंदिवान केले. जुन्नरला मुक्त राहिला असता तो राजा अशा प्रकारे हातचा गेला. त्यानंतर मलिक अंबराने वृद्ध शहा अलीचा पुत्र मुर्तजा यास राजा करून राज्य आणखी सव्वीस वर्षे तोलून धरिले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, शहाजीराजांनी आणखी एका मुलास गादीवर बसवून पाहिले, आणि १६३६ मध्ये सर्व संपले. चार धन्यांपैकी एकाचेही घराणे टिकले नाही. चांद सुलतानेला तर घराणेच नव्हते, आणि आज नाव तेवढे तिचेच उरले आहे.

ही गोष्ट सांगण्यात आमचा थोडा स्वार्थही आहे, तो कबूल करितो. या धर्मग्रामात सोयरिकीची बोलणी होऊ लागली म्हणजे अजूनही मुलगी कोणत्या घराण्यातली, मुलाच्या आजोबांचे मूळ काय, अशी विचारपूस हलक्या आवाजात चालते, आणि तिच्यापायी चांगली स्थळे मोडल्याचे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी आम्ही बाप्तिस्म्याची वही उघडून दाखवितो. तीत मुलाचे नाव, मातापित्यांचे नाव आणि धर्ममातापित्यांचे नाव एवढीच घरे आहेत. कुळाचे घर नाही, किताबाचे घर नाही. मात्र धर्ममातेचे घर आहे: जिने ते मूल प्रसवले नाही, तरी त्याचा भार घेण्याचे जिने वेदीपुढे कबूल केले तिचे. चांद सुलताना आपल्या धर्माची नव्हती, आणि तिला आपल्यांत ओढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सासरचा पुतण्या आणि माहेरचा नातू, अशी दोन परक्यांची पोरे तिने आपली म्हणून राखिली, आणि दुसऱ्यासाठी प्राण दिला.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही डोंगरावर घाईने एवढेच उत्तर दिले होते की, ती राजाची मुलगी आणि राजाची राणी होती. उत्तर खरे होते, पण अपुरे होते. बहादुर नावाच्या एका अनाथ मुलाची ती राखणदार होती, असे आम्ही सांगावयास हवे होते. या अंकाच्या निमित्ताने ती चूक दुरुस्त करितो, आणि पुढील खेपेस मुलांना डोंगरावरील त्या वजिराच्या कबरीबरोबर किल्ल्याच्या तटाकडेही नेण्याचे ठरवितो.